जुन्या अमेरिकन मोटारीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे बहुधा देवळांच्या संबंधात वापरला जातो. सभामंडपाची पडझड झाली, नदीचा घाट ढासळला, बारवेच्या पायऱ्या खचल्या, की गावातील मंडळी वर्गणी गोळा करतात, पाथरवटाला बोलावणे जाते आणि कामास प्रारंभ होतो. मोटारगाडीसारख्या शेसव्वाशे वर्षांच्या यंत्राला हा भारदस्त शब्द लावणे कोणास अतिशयोक्तीचे वाटेल. तथापि अमेरिकेत कित्येक दशके हजारो माणसे आपल्या घरच्या गॅरेजात जागरणे करून जे काम करीत आली आहेत, त्याला दुसरा शब्द शोभणार नाही. कारण देवळाच्या जीर्णोद्धारात जे प्रश्न उपस्थित होतात, तेच येथेही होतात. मूळचे किती राखावयाचे? नवे किती घालावयाचे? आणि ज्या खाणीतला दगड आता मिळत नाही, त्याच्या जागी काय बसवावयाचे?

ज्या गाड्यांसंबंधी येथे विचार करावयाचा आहे, त्या अमेरिकेतील मोठ्या गाड्या होत. अमेरिकन लोक त्यांना 'फुल साइज', म्हणजे पूर्ण आकाराच्या, असे म्हणतात. उदाहरणादाखल १९५८ सालची शेव्हरोले इंपाला घेऊ. तिची लांबी सुमारे साडेसतरा फूट, रुंदी जवळजवळ साडेसहा फूट आणि वजन दीड टनाहून अधिक. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक वर्षे टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी जेमतेम तेरा फुटांची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या गाडीच्या विस्ताराची कल्पना येते. पुढे दिव्यांच्या दोन जोड्या, मागे प्रत्येक बाजूस तीन तीन तांबडे दिवे, दोहों अंगांस चकचकीत धातूच्या पट्ट्या आणि छपराच्या मागच्या काठावर हवा खेळण्याच्या झरोक्यासारखी दिसणारी, परंतु वास्तविक केवळ शोभेची, अशी एक नक्षी. त्या वर्षी अशा सुमारे १,८०,००० इंपाला गाड्या तयार झाल्या. इतक्या मोठ्या संख्येने निघालेल्या गाडीचे भाग दुर्मीळ का व्हावेत, हे प्रथमदर्शनी कोडे वाटते. ते उलगडण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

हेन्री फोर्डने १९०८ साली 'टी' नमुन्याची गाडी बाजारात आणली. ती १९२७ पर्यंत निघत राहिली आणि तेवढ्या काळात दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. १९१४ पासून १९२५ पर्यंत तर ती फक्त काळ्या रंगातच मिळत असे. गाडी म्हणजे एक उपयोगी अवजार. ते एकदा चांगले साधले, की वारंवार बदलण्याचे कारण नाही, अशी ही दृष्टी होती. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन ह्यांची दृष्टी निराळी. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला दुसरी गाडी का घ्यावीशी वाटेल, हा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला आणि त्याचे उत्तर दरवर्षीच्या नव्या नमुन्यात शोधले. १९२७ साली त्या कंपनीने केवळ रूप आणि रंग ह्यांसाठी एक स्वतंत्र खाते उघडले व हार्ली अर्ल ह्या कल्पक गृहस्थांकडे ते सोपविले. तेव्हापासून अमेरिकेत मोटारीला वर्षाचे वय चिकटले. गेल्या सालची गाडी उत्तम चालत असली, तरी ती गेल्या सालची आहे हे शेजाऱ्याला दुरून कळू लागले. लुगड्याच्या काठाप्रमाणे मोटारीचा काठही दर हंगामात बदलू लागला.

१९५८ ची शेव्हरोले म्हणजे ह्या पद्धतीचे टोक होय. जनरल मोटर्सच्या स्थापनेस त्या वर्षी ५० वर्षे पूर्ण झाली होती, आणि त्यासाठी शेव्हरोलेची गाडी नखशिखान्त नवी करण्यात आली. पण दरम्यान १९५७ च्या हंगामात क्रायस्लर कंपनीने अतिशय ठेंगण्या, सडपातळ आणि मागे पंखांसारखे पत्रे उभारलेल्या गाड्या काढल्या होत्या. त्यांच्यापुढे आपले रूप जड दिसते हे जनरल मोटर्सच्या आखणीकारांनी ओळखले, आणि एवढा खर्च करून केलेले पत्र्याचे सर्व साचे एका वर्षातच बाजूस सारून १९५९ साठी पुन्हा सगळे नवे केले. म्हणून १९५८ च्या शेव्हरोलेचे दार १९५७ च्या गाडीस बसत नाही आणि १९५९ च्या गाडीसही बसत नाही. तिचे बॉनेट, तिचे मडगार्ड, तिच्या काचांच्या चौकटी ही सारी एका हंगामाची प्रजा आहे.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. अमेरिकन गाडीचे दोन देह असतात. एक यंत्राचा आणि दुसरा वेषाचा. वेष दरवर्षी बदलत असे. यंत्र बदलणे महाग, म्हणून ते वर्षानुवर्षे तेच राही. १९५८ च्या शेव्हरोलेत जी इंजिने मिळत, त्यांपैकी २८३ घनइंचांचे आठ नळकांड्यांचे इंजिन १९५७ ते १९६७ पर्यंत निघत होते, आणि ज्या मूळ आखणीवर ते बेतलेले होते ती आखणी १९५५ पासून चार दशकांहून अधिक काळ वापरात राहिली. ३४८ घनइंचांचे मोठे इंजिन १९५८ ते १९६१ पर्यंतच्या शेव्हरोले गाड्यांत बसत असे. गाडीचा खालचा सांगाडा इंग्रजी 'एक्स' ह्या अक्षराच्या आकाराचा होता. त्या धर्तीचा सांगाडा शेव्हरोलेने १९६४ पर्यंत वापरला. त्यामुळे पिस्टन, बेअरिंगे, गॅस्केटे, पुढच्या चाकांचे सांधे हे सारे आजही घरबसल्या मागविता येते. उलट मागच्या मडगार्डावरील हातभर लांबीची एखादी चकचकीत पट्टी हवी असेल, तर तिच्यासाठी वर्षभर वणवण करावी लागते. गाडीचे हृदय मिळते, कुंकवाची कोयरी मिळत नाही, असा हा विलक्षण प्रकार आहे. जी वस्तू निव्वळ मिरविण्यासाठी केली, आणि जिने गाडीला वर्षभरात जुनी ठरविले, तीच वस्तू पुढे सर्वांत मोलाची ठरावी, हा काळाचा न्याय म्हणावयाचा.

कोणता भाग कोणकोणत्या गाड्यांस चालतो, हे ज्ञान ह्या कामात सोन्याच्या मोलाचे असते. १९३४ साली रॉय हॉलंडर ह्यांनी मोडीचा धंदा करणाऱ्यांसाठी एक कोष्टकवजा पुस्तक काढले. एका गाडीचा गिअर अथवा धुरा दुसऱ्या कोणत्या कंपनीच्या, कोणत्या सालच्या गाडीस बदल न करता बसेल, हे त्यात आकड्यांच्या साहाय्याने मांडलेले होते. हॉलंडरच्या कोष्टकांची परंपरा आजतागायत चालू आहे, आणि जीर्णोद्धार करणारा मनुष्य जुन्या आवृत्त्या पोथीसारख्या जपतो. १९५८ च्या शेव्हरोलेच्या शरीराचा पायाभूत सांगाडा त्याच कंपनीच्या पाँटियाक गाडीशी सामाईक होता. म्हणून शेव्हरोलेची वस्तू शोधणारा जाणता मनुष्य पाँटियाकच्या मोडीतही डोकावल्यावाचून पुढे जात नाही. ज्याला फक्त नाव ठाऊक आहे त्याला एकच दुकान असते. ज्याला नातेगोते ठाऊक आहे त्याला दहा दुकाने असतात.

प्रत्यक्ष काम हाती घेण्यापूर्वी गाडीची कुंडली मांडावी लागते. शरीराच्या पत्र्यावर एक लहानशी पट्टी ठोकलेली असते. तीवर गाडीचा प्रकार, मूळचा रंग आणि आतील गादीचे कापड ह्यांच्या सांकेतिक खुणा असतात. ओतीव लोखंडाच्या भागांवर तर ओतकामाची तारीखही उठविलेली असते. शेव्हरोलेच्या रीतीप्रमाणे महिन्यासाठी अक्षर, मग दिवस आणि शेवटी सालाचा अखेरचा आकडा. 'सी १४ ८' असे वाचावयास मिळाले, तर तो भाग १४ मार्च १९५८ रोजी ओतला गेला असे समजावे. गाडी तयार झाल्याच्या तारखेनंतरची तारीख ज्या भागावर असेल, तो भाग मागाहून बसविलेला, हे उघडच आहे. अशा रीतीने साठसत्तर वर्षांत गाडीचे काय काय झाले, कोठे इंजिन बदलले, कोठे रंग फिरविला, ह्याचा इतिहास ती स्वतःच सांगते. मात्र तो वाचण्याची सवड आणि सबुरी हवी.

त्यानंतर गाडी उलगडण्याचे काम येते. नवशिका मनुष्य येथेच घसरतो. उत्साहाच्या भरात तो सारी गाडी दोन रविवारांत सुटी करतो, खिळे आणि स्क्रू एका डब्यात टाकतो, गंजलेले आणि मोडके तुकडे भंगारवाल्यास देऊन टाकतो. सहा महिन्यांनी जुळवाजुळव करावयास बसला, की त्याला कळते की आपण नकाशाच फाडून टाकला. अनुभवी माणसाची पद्धत वेगळी असते. तो प्रत्येक सांध्याचे छायाचित्र घेतो, प्रत्येक स्क्रू निराळ्या पिशवीत घालून तीवर चिठ्ठी बांधतो, आणि एकही मोडका तुकडा टाकून देत नाही. कुजलेल्या पत्र्याचा तुकडा वस्तू म्हणून निरुपयोगी असला, तरी नव्या तुकड्याचा तोच साचा असतो. त्याची वळणे, त्याची भोके, त्याची जाडी हीच कारागिराची मोजपट्टी. जुने हरवले, की नवे करावयाचे कशावरून?

गंजाचीही एक भूगोलविद्या आहे. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ पसरतात. ते खारे पाणी गाडीच्या खालच्या अंगास चिकटते, सांगाड्याच्या पोकळ्यांत साचते आणि पत्रा आतून खाऊन टाकते. वरून रंग शाबूत दिसावा आणि दाराखालच्या उंबऱ्यावर पाय ठेवताच तो खचावा, असा अनुभव तेथे नित्याचा आहे. उलट ॲरिझोनासारख्या नैर्ऋत्येकडील कोरड्या प्रदेशात पन्नास वर्षे उघड्यावर पडलेल्या गाडीचा पत्रा ठणठणीत असतो; परंतु उन्हाने तिच्या गाद्या करपलेल्या, रबरी पट्ट्या तडकलेल्या आणि सुकाणूचे चाक भेगाळलेले असते. उत्तरेची गाडी पायापासून कुजते, वाळवंटातली गाडी माथ्यापासून जळते. म्हणून दार वाळवंटातील आवारातून आणावे आणि आतील साज उत्तरेच्या एखाद्या बंद कोठारातील गाडीतून घ्यावा, असे दोन टोकांचे लग्न अनेक वेळा लावले जाते.

ह्या सर्व कामात सर्वांत कष्टाचे आणि खर्चाचे प्रकरण म्हणजे चकाकी. त्या काळच्या गाड्यांवरील मुठी, दिव्यांची कोंदणे, नावाची अक्षरे ही बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असत आणि त्यांवर क्रोमियमचा मुलामा असे. मुलाम्याला सूक्ष्म छिद्र पडले, की आतील जस्त सडू लागते आणि पृष्ठभागावर देवीच्या व्रणांसारखे फोड येतात. ते दुरुस्त करावयाचे म्हणजे प्रथम जुना मुलामा उतरवावयाचा, प्रत्येक फोड कोरून स्वच्छ करावयाचा, तांब्याचा पातळ थर चढवावयाचा, खळगे डाख देऊन भरावयाचे, पुन्हा तांबे चढवून घासावयाचे, आणि पृष्ठभाग आरशासारखा सपाट झाला म्हणजे त्यावर निकेल व शेवटी क्रोमियम. पाहणाऱ्याला जी झळाळी दिसते ती मुख्यतः निकेलची असते. क्रोमियमचा अतिपातळ थर तिला काळवंडू देत नाही, इतकेच. ह्या कामी वापरला जाणारा क्रोमियमचा एक प्रकार अत्यंत विषारी व कर्करोगकारक आहे. त्यामुळे त्याच्या वाफा आणि सांडपाणी ह्यांवर कडक निर्बंध आले, ते योग्यच झाले. पण ते निर्बंध पाळण्याचा खर्च लहान कारखान्यांना पेलणे अवघड असते, आणि म्हणून एका लहानशा मुठीसाठीही आता बराच काळ व बराच पैसा लागतो.

आता सुटे भाग मिळतात कोठे, हे पाहू. पहिला उगम म्हणजे मोडीच्या गाड्यांची आवारे. दुसरा उगम म्हणजे विक्रेत्यांकडे शिल्लक राहिलेला कोरा माल. गाडी बंद झाली तरी गावोगावच्या दुकानांतील फळ्यांवर तिचे न वापरलेले भाग कंपनीच्या मूळ खोक्यांत पडून राहात. एखादे जुने दुकान बंद होते तेव्हा ते बाहेर पडतात आणि जाणकार त्यांच्यावर तुटून पडतात. तिसरा उगम म्हणजे जत्रा. अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या शौकिनांची संघटना १९३५ साली फिलाडेल्फियात स्थापन झाली. तिची पेन्सिल्व्हेनियातील हर्शी गावी शरद ऋतूत भरणारी जत्रा १९५५ पासून चालत आली आहे. मूठभर विक्रेत्यांनी सुरू झालेला तो बाजार आता मैलोगणती पसरतो. त्याच राज्यात कार्लाइल येथे १९७४ पासून असाच दुसरा मोठा बाजार भरू लागला. चौथा उगम म्हणजे जाहिरातींचे मासिक. अर्नेस्ट हेमिंग्ज ह्या गृहस्थांनी १९५४ साली इलिनॉय राज्यातील क्विन्सी गावी असे पत्रक सुरू केले, आणि दूरदूरच्या शेतघरांतील कोठारे एकमेकांस जोडली गेली. आजच्या काळात ते जोडण्याचे काम संगणकाच्या जाळ्यावर अधिक वेगाने होते; परंतु वस्तू हातात घेऊन, बोटाने तिची कड चाचपून घेण्याचे सुख आणि त्यातील सुरक्षितता जत्रेतच आहे.

पाचवा उगम नवनिर्मितीचा. जेथे मागणी पुष्कळ तेथे कारखानदार पुढे येतो. १९५७ च्या शेव्हरोले बेल एअरवर अमेरिकन माणसाचे इतके प्रेम, की आज तिचे संपूर्ण शरीर नव्या पोलादी पत्र्याचे तयार मिळते. टेनेसी राज्यातील चॅटानूगा येथील कोकर कंपनीने तर जुन्या घडणीचे टायर पुन्हा काढण्याचाच व्यवसाय केला. परंतु ह्या न्यायाला दुसरी बाजू आहे. जी गाडी लोकप्रिय, तिचा उद्धार सोपा. जी उपेक्षित, तिचा दुष्कर. पॅकार्ड हे नाव १९५८ मध्ये लयास गेले, एड्सेल १९५९ मध्ये, डी सोटो १९६० मध्ये. अशा निर्वंश झालेल्या घराण्यांच्या गाड्यांसाठी नवे साचे कोण करणार? तेथे शौकिनांची मंडळेच वर्गणी काढून पन्नास-शंभर नगांपुरता एखादा रबरी भाग ओतवून घेतात. अलीकडे वस्तूचे त्रिमितीय मापन करून थर-थर रचीत नवी वस्तू उभारणारी यंत्रे आली आहेत. सुप्रसिद्ध विनोदी कलावंत आणि मोटारसंग्राहक जे लेनो ह्यांच्या कर्मशाळेत १९०७ सालच्या व्हाइट कंपनीच्या वाफेवरील मोटारीचा एक भाग अशा साधनांच्या साहाय्याने पुन्हा घडविण्यात आला. मात्र त्या यंत्रालाही नमुना लागतोच. मोडका तुकडा टाकू नये, हा जुना नियम नव्या विद्येने अधिकच दृढ केला आहे.

ह्याच गाड्यांचे अगदी निराळे भवितव्य क्यूबा बेटात पाहावयास मिळते. १९५९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेशी व्यवहार तुटत गेला आणि १९६२ साली व्यापारबंदी पूर्ण झाली. तेव्हा रस्त्यावर होत्या त्या अमेरिकन गाड्या तशाच राहिल्या, आणि २०११ पर्यंत खासगी माणसांना मोकळेपणाने विकता-घेता येण्याजोग्या गाड्या म्हणजे क्रांतिपूर्व काळातल्याच होत्या. सुटे भाग येणे बंद झाल्यावर हवानाच्या मिस्त्रींनी रशियन गाड्यांचे भाग बसविले, डिझेल इंजिने चढविली, जे मिळेना ते लेथवर कातून काढले. तेथे वेष अमेरिकन राहिला आणि हृदय परके आले. अमेरिकन शौकीन ह्याला जीर्णोद्धार म्हणणार नाही. पण ज्याला त्या गाडीवर रोजची भाकरी मिळवावयाची आहे, त्याच्या दृष्टीने गाडी चालणे हेच तिचे जिवंत असणे होय.

मुंबईला ह्या दोन्ही वृत्तींची ओळख आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडी येथे गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला होता. तो १९५४ मध्ये बंद झाला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, डी सोटो आणि प्लिमथ ह्या गाड्या जुळविल्या जात. पुढे परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर निर्बंध आले. साठनंतरच्या दशकात इंपालासारखी गाडी दिसे ती बहुधा एखाद्या वकिलातीतून आलेली, आणि वापरून झाल्यावर राज्य व्यापार महामंडळामार्फत विकली गेलेली. चित्रपटांमुळे 'इंपाला' हे नाव घरोघरी वैभवाचे प्रतीक झाले. परंतु पेट्रोलचा खर्च आणि भागांचा तुटवडा ह्यांमुळे अशा कित्येक गाड्यांत डिझेल इंजिने बसविली गेली. आज त्या पूर्ववत करू पाहणाऱ्यापुढे आणखी एक अडचण उभी राहते. उजव्या हाताच्या सुकाणूच्या गाडीतील सुकाणूची जोडणी आणि पुढची फळी अमेरिकेतील गाडीहून वेगळी असते. तेव्हा हर्शीच्या एवढ्या मोठ्या बाजारातही ती मिळण्याची आशा थोडी. मग चोरबाजार, कुर्ल्याचा मोडीचा बाजार आणि एखाद्या वृद्ध मिस्त्रीची आठवण हेच आधार उरतात. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी नोंदणीचे स्वतंत्र नियम केले, क्रमांकात 'व्हीए' ह्या अक्षरांची सोय केली आणि अशा वाहनांच्या व्यापारी वापरास मनाई केली. त्यामुळे निदान कायद्याच्या दृष्टीने ह्या गाड्यांना एक मानाचे स्थान मिळाले.

गाडी उभी राहिली म्हणजे काम संपले, असेही नाही. जुन्या इंजिनांच्या झडपांची बैठक शिसेमिश्रित पेट्रोलच्या भरवशावर घडविलेली होती. ते पेट्रोल अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी १९९६ पासून आणि भारतात २००० पासून बंद झाले. म्हणून इंजिन उघडलेच आहे तर तेथे कठीण पोलादाच्या कड्या बसविणे शहाणपणाचे. हल्लीच्या पेट्रोलमधील मद्यार्क जुन्या रबरी नळ्या खातो, तेव्हा त्याही बदलल्या पाहिजेत. ब्रेकमध्ये द्रवाची एकच वाट असे. एका चाकाशी गळती झाली, की चारही चाके निकामी. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असते, त्याची धूळ फुंकून उडविणे म्हणजे फुप्फुसाशी वैर करणे होय. शुद्ध मूळपणाचा कितीही आग्रह असला, तरी जेथे जिवाचा प्रश्न आहे तेथे हट्ट धरू नये, असेच विवेकी मंडळी मानतात.

मूळपणाचा हा प्रश्नच ह्या विद्येतील खरा तात्त्विक प्रश्न आहे. पत्रा नवा, इंजिन दुसऱ्या गाडीचे, गाद्या नव्या कापडाच्या. मग १९५८ ची गाडी म्हणावयाची ती कशाला? काही वर्षांपूर्वीपर्यंत कल असा होता, की गाडी कारखान्यातून निघाली त्याहूनही अधिक झगझगीत करावी. आता जाणकारांचे मत बदलत चालले आहे. जिचा मूळ रंग विटला तरी टिकून आहे, जिच्या गादीवर पहिल्या मालकाच्या बसण्याचा खोलगट ठसा आहे, अशा गाडीला हात लावण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, असे ते म्हणतात. आणि अमेरिकेतील संघटनेने अशा न बदललेल्या गाड्यांसाठी स्पर्धेत वेगळा वर्गही ठेवला आहे. रंग पुन्हा देता येतो, परंतु मूळचा रंग पुन्हा देता येत नाही. दुसरीकडे, आकड्यांना किंमत आली तशी आकड्यांची लबाडीही आली. जुने क्रमांक घासून नवे ठोकणारे लोक निपजले. म्हणून जो प्रामाणिकपणे आपल्या वहीत लिहून ठेवतो की अमुक भाग मूळचा, अमुक दुसऱ्या गाडीचा, अमुक नव्याने घडविलेला, त्याची वही गाडीइतकीच जपण्याजोगी होय. पुराणवस्तूंचा अभ्यासक जी शिस्त पाळतो, तीच ही शिस्त.

ह्या उद्योगात पैसा सहसा परत मिळत नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विक्रीच्या किमतीहून अधिक होणे हा अपवाद नसून रीतच आहे. तरीही माणसे ते करतात, आणि करताना त्यांना शेवटी उमगते की सर्वांत दुर्मीळ सुटा भाग कोणत्याही सूचिपत्रात सापडत नाही. तो भाग म्हणजे जाणता हात. पत्र्याच्या सांध्यावर तापवून शिसे फिरविणारा, कार्बुरेटरचा आवाज ऐकून दोष सांगणारा, वक्र काचेला चौकटीत अलगद बसविणारा मनुष्य वृद्ध होतो, आणि त्याचा मुलगा दुसऱ्या व्यवसायात गेलेला असतो. हा धोका ओळखून कॅन्सस राज्यातील मॅकफर्सन महाविद्यालयाने मोटारींच्या जीर्णोद्धाराचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम चालविला आहे. तेथील विद्यार्थी इंजिन, पत्रा, रंग, गादीकाम आणि मोटारीचा इतिहास ही सारी अंगे शिकतात. आपल्याकडे अशी विद्या अद्याप गुरुमुखातूनच चालते. कुर्ल्यातील वा पुण्यातील एखाद्या जुन्या कर्मशाळेत वृद्ध मिस्त्रीच्या शेजारी दोन तरुण मुले उभी राहून पाहतात, तेवढाच तिचा वारसा. भाग पुन्हा ओतता येतो. पण तो कसा बसवावयाचा हे ठाऊक असलेला मनुष्य गेला, तर ओतलेला भाग फळीवरच राहील. ज्यांच्या घरी, ज्यांच्या ओळखीत असा एखादा मिस्त्री आज आहे, त्यांनी त्याच्याकडून गाडी दुरुस्त करून घ्यावीच. पण त्याच्याजवळ एक शिकाऊ मुलगा आणि एक वही ठेवण्याचीही तजवीज करावी. ते काम पुढच्या वर्षावर टाकण्याजोगे नाही.